लिंबू-फुलांचा परफ्यूम तासाभरात उडतो, म्हणजे बाटली डुप्लिकेट का?

प्रश्न खानापूरच्या एका शिक्षिका ताईंचा आहे. भावानं दुबईहून परफ्यूम आणला. खोक्यावर ‘ओ द तुआलेत’ आणि खाली बर्गमॉट, नेरोली, जाई, व्हाइट मस्क अशी नावं. लावल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं झकास वाटतं, बस बेळगावात शिरेपर्यंत काही उरत नाही. पदराला मात्र दुसऱ्या दिवशीही वास असतो. शेजारीण म्हणते डुप्लिकेट आहे. शाळेत, पावसाळ्यात आणि मे महिन्यात बहिणीच्या लग्नात हा कसा वापरायचा, हेही त्यांनी विचारलं आहे.

ताई, शेजारणीचं मनावर घेऊ नका. डुप्लिकेट मालाची खोड वेगळी असते. झाकण काढलं की स्पिरिटचा भपका, मागून एकच गोडसर वास, तो शेवटपर्यंत तसाच, आणि कपड्यावरही तासाभरात राम म्हणतो. तुमची बाटली रंग बदलते आहे: आधी आंबट-ताजी, मग फुलांची, शेवटी पदराला धरून राहिलेली. खोक्यावर लिहिलंय त्या क्रमानंच ती चालली आहे. दुकानात बसून इतकी वर्षं मी हेच सांगत आलोय, की लिंबाच्या जातीचा वास उडून जाणारच, त्याच्यासाठी भांडू नका. तो गेल्यावर अंगावर जे फूल उरतं ते तुम्हाला आवडतं का, एवढंच बघून बाटली चांगली की वाईट ते ठरवा.

आता उडतो का, ते सांगतो. बर्गमॉट हे इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात पिकणारं आंबट-कडवट फळ. त्याची किंमत सालीतल्या तेलासाठी. ते तेल उष्णता न देता, साल खरवडून-दाबून काढतात. आपल्या ईडलिंबाची साल दुमडून दाबली की बारीक तुषार उडतात आणि डोळ्यात गेले तर चुरचुरतात, ते याच प्रकारचं तेल. त्यात लिमोनीन नावाचा घटक भरपूर. संत्र्याच्या सालीच्या तेलात तर तो नव्वद टक्क्यांहून जास्त असतो. लिमोनीनचा रेणू हलका, अंगाच्या उबेनं लगेच हवेत जातो. परफ्यूमच्या बुडाशी जी पांढरी कस्तुरी (तुमच्या खोक्यावरचं व्हाइट मस्क) घालतात, तिचे रेणू वजनाला जवळजवळ दुप्पट. ते सावकाश निघतात. म्हणून एकाच बाटलीतला लिंबू बसमध्ये संपतो आणि कस्तुरी दुसऱ्या दिवशी पदरात सापडते.

विश्वास बसत नसेल तर एक करून बघा. रात्री जेवण झाल्यावर ईडलिंबाची ताजी साल मनगटाजवळ दुमडून दाबा, तुषार कातडीवर पडू द्या. एका हाताला असं करा, दुसऱ्या हाताला तुमचा परफ्यूम लावा, आणि झोपेपर्यंत अधूनमधून हुंगा. सालीचा वास आधी जाईल. परफ्यूमवाल्यांनी त्याला धरून ठेवायला बरंच काही केलेलं असतं, ते तुम्हाला दोन मनगटांमधल्या फरकात कळेल. रात्रीच करा, आणि निजण्याआधी तो हात साबणानं धुऊन टाका. ऊन आणि लिंबाचं तेल यांचं जमत नाही, ते पुढे येईलच.

‘ओ द तुआलेत’ या शब्दांचाही इथं संबंध आहे. बाटलीत सुगंधी तेलाचं प्रमाण किती, ते त्यावरून कळतं. ढोबळमानानं ओ द कोलोनमध्ये २ ते ५ टक्के, ओ द तुआलेतमध्ये ५ ते १५ टक्के, ओ द परफ्यूममध्ये १५ ते २० टक्के, बाकी अल्कोहोल. हे आकडे कायद्यानं ठरलेले नाहीत, कंपनीगणिक इकडंतिकडं होतात. आणि प्रमाण वाढलं म्हणून लिंबू तितका जास्त टिकत नाही, वाढतं ते फूल आणि बूड. लिंबू-फुलांची ही जातच मुळात पुन्हापुन्हा लावायची. जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना घराण्याची पेढी १७०९ साली सुरू झाली आणि तिथलं ते लिंबूवर्गी पाणी युरोपभर गेलं. लोक ते रुमालावर शिंपडायचे, हातापायाला चोळायचे, दुपारी परत लावायचे. दिवसभर टिकलं नाही म्हणून कोणी तक्रार केली नाही. ही सकाळी सातला लावून संध्याकाळी सातपर्यंत वास हवा, ही अपेक्षा जाड गोड परफ्यूमांनी आपल्याला लावलेली सवय आहे.

नेरोलीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्या बाटलीचा जीव तिथंच आहे. कडू संत्र्याच्या फुलांची वाफेवर ऊर्ध्वपातनानं काढलेली अर्क-तेलं म्हणजे नेरोली. ट्युनिशिया, मोरोक्को इकडं हा मोठा धंदा आहे. एक किलो तेलाला साधारण एक टन फुलं लागतात. त्याच झाडाच्या पानं-डहाळ्यांपासून पेटिग्रेन काढतात, ते जरा रानवट, हिरवं. आणि तीच फुलं वाफेऐवजी द्रावकात भिजवून अर्क काढला, की ऑरेंज ब्लॉसम ॲब्सोल्यूट मिळतं. ते दाट, मधासारखं, थोडं मादक. एका फुलाचे हे दोन वास इतके वेगळे, की नवख्याला एक झाड म्हणून पटत नाही.

आपल्याकडं हे समजून घ्यायला परदेशी जायला नको. खानापूर भागात किती तरी परड्यांत ईडलिंबू नाहीतर पपनस आहे. आंबे बहाराच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीकडं, सकाळी झाडाजवळ जा. लांबून नुसता गोडवा येतो. मग एक फूल बोटांत धरून नाकाशी न्या. पाकळ्या जाड, मेणचट. आत केसर. पहिला श्वास हिरवा, कडवट, पान चुरगळल्यासारखा. दुसऱ्या श्वासाला मध. आणि थोडा वेळ फूल हातात ठेवलं की त्या मधामागं काहीतरी जडसर, अंगासारखं येतं. मोगऱ्याचा गजरा रात्रभर उशाशी राहिला की सकाळी जो येतो, त्याच्या जातीचं. त्यात इंडोल नावाच्या द्रव्याचा हात असतो, पांढऱ्या सुवासिक फुलांत ते सापडतं. चांगल्या लिंबू-फुलांच्या परफ्यूममध्ये हे तिन्ही श्वास असतात. हलक्या मालात फक्त लांबूनचा गोडवा असतो, म्हणून तो साबणासारखा वाटतो.

तुमच्या बाटलीत खरी नेरोली कितपत असेल? थोडी असली तर असेल. मध्यम किमतीच्या बाटलीत बहुतेक काम प्रयोगशाळेतल्या द्रव्यांचं असतं. यात फसवणूक नाही. जाईच्या अर्काचा अभ्यास करता करता हाती आलेलं हेडिओन नावाचं द्रव्य घ्या. १९६६ साली एडमंड रुदनित्स्का या परफ्यूमकारांनी डिओर कंपनीच्या ‘ओ सोव्हाज’ या परफ्यूममध्ये ते वापरलं आणि लिंबाला फुलांचा उजेड कसा द्यायचा, हे सगळ्या धंद्याला कळलं. स्वतः ते अगदी मंद असतं, पण लिंबू आणि जाई यांच्यामधली पोकळी भरून काढतं. ‘आम्हाला नॅचरलच द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हे नेहमी सांगतो. त्यांना ते आवडत नाही, हा भाग वेगळा.

आता ‘काही उरत नाही’ यातला दुसरा अर्धा भाग. वास उरलेला असतो, तुमचं नाक थकलेलं असतं. एकच वास सतत आला की मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम करणारे लोक आमच्याकडं येतात, त्यांच्या शर्टाला तंबाखूचा मधाळ, गवताळ वास असतो, त्यांना विचारलं तर म्हणतात, “कसला वास ओ?” (जाता जाता सांगतो, त्या वासावर नेरोली फार सुंदर बसते. वखारवाल्यांना मी हीच सुचवतो.) त्यातून पांढऱ्या कस्तुरीची आणखी एक गंमत. काही माणसांना काही प्रकारच्या कस्तुऱ्यांचा वास जन्मतःच येत नाही, नाक बाकी सगळ्याला तरबेज असलं तरी. म्हणून तासाभरानं स्वतःचं मनगट हुंगून निकाल देऊ नका. स्टाफरूममध्ये एखाद्या मैत्रिणीला विचारा. पदराला दुसऱ्या दिवशी येतो, कारण मधे रात्र गेलेली असते आणि नाक ताजं असतं. नाक ताजं करायला दुकानात कॉफीच्या बिया ठेवतात, त्याचा विशेष उपयोग नाही. दाराबाहेर जाऊन दोन मिनिटं उभं राहा, ते पुरतं.

हवेचं म्हणाल, तर आपला सीमाभाग सगळा एकसारखा नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, सकाळ-संध्याकाळ गार. गोकाक, अथणी, रामदुर्गकडं ऊन कोरडं आणि कडक. तुमच्या तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस कोसळतो. एकच बाटली या तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी वागते. कोरड्या उन्हात लिंबू अक्षरशः मिनिटांत जातो आणि फूल एकदम पुढं येतं, कधीकधी डोकं धरण्याइतकं. थंडीत उलट. लिंबू जरा रेंगाळतो, फूल उशिरा उघडतं, आणि स्वेटरला धरलेला वास दोन-तीन दिवस राहतो. माझं मत विचाराल तर या जातीसाठी आपल्याकडं सगळ्यात चांगले दिवस ऑक्टोबरनंतरचे आणि मग मार्च-एप्रिलच्या सकाळी.

पावसाळ्यात जपून. हवेत दमटपणा असला की वास जवळपासच घोटाळतो, आणि अर्धवट वाळलेल्या कपड्याचा कुबट वास असेल तर फुलांचा गोडवा त्यात मिसळून भलतंच काहीतरी होतं. परफ्यूमनं कुबट वास झाकत नाही, चव्हाट्यावर येतो. खानापूरकडं आषाढात कपडे वाळत नाहीत हे मला ठाऊक आहे. त्या दिवसांत ब्लाउज-परकर इस्त्री करून, गार झाल्यावरच लावा. गरम इस्त्रीच्या कपड्यावर मारलात तर लिंबू तिथंच गेला. आणि पावसात बसच्या खिडक्या बंद असतात. शेजारच्या बाईला सकाळी सकाळी उमासा आला तर दोष तुमच्या माथी. एक फवारा पुरे, तोही घरातून निघण्याआधी पंधरा मिनिटं, म्हणजे सुरुवातीचा भपका घरातच राहील.

लावायचं कसं? अंघोळ झाल्यावर, अंग कोरडं करून. कोरड्या, भेगाळलेल्या कातडीवर वास धरत नाही, म्हणून ज्या जागी लावायचा तिथं आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा चण्याएवढी व्हॅसलीन. खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास असतो आणि नेरोलीशी भांडतो. चंदनाच्या साबणानं अंघोळ केलीत तर फारच छान. लिंबू-फुलांना ज्या लाकडी बुडाची गरज असते ते आयतं मिळतं, आणि कर्नाटकात राहून चंदनाच्या साबणाला तोटा नाही. कोपराच्या आतली बाजू, मानेच्या मागं केसांखाली, एवढ्याच जागा. मनगटावर मारून दोन्ही मनगटं एकमेकांवर चोळायची सवय बायकांना आणि पुरुषांनाही असते. चोळल्यानं वास ‘मरतो’ असं सांगतात, तेवढं काही होत नाही, पण ऊब वाढते आणि लिंबू लवकर जातो. तुम्हाला त्याचीच हौस आहे, तर चोळू नका.

उन्हाचं राहिलं होतं. बर्गमॉट आणि काही लिंबूवर्गी सालींच्या दाबून काढलेल्या तेलांत बर्गाप्टेनसारखी द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं आणि नंतर काळपट डाग पडतात. मानेवरून ओघळ आला असेल तसा लांबट डाग, महिनोन् महिने जात नाही. नामांकित कंपन्या आता हे द्रव्य काढून टाकलेलं बर्गमॉट वापरतात किंवा प्रमाण फार कमी ठेवतात, त्यामुळं तुमच्या बाटलीची धास्ती नको. तरी शाळेच्या मैदानावर उभं राहायचं असेल त्या दिवशी गळ्यावर न लावता कपड्याच्या आत लावलेलं बरं. खरी भीती आहे ती अरोमाथेरपीच्या नावाखाली मिळणाऱ्या छोट्या कुप्यांची. लिंबाचं, बर्गमॉटचं शुद्ध तेल थेट अंगाला लावून उन्हात जाऊ नका, आणि घरी खोबरेलात मिसळून ‘परफ्यूम’ करायच्या भानगडीत तर पडूच नका.

कपड्यांत सुती उत्तम. एक वीतभर अंतरावरून, आतल्या बाजूनं. रेशमी साडीवर आणि जरीवर अजिबात नाही. अल्कोहोलनं डाग पडतो, जर काळी पडायची भीती असते, आणि पैठणीवरचा असा डाग ड्रायक्लीनवालाही हातात घेत नाही. लग्नात तुम्ही रेशमी नेसणार हे गृहीत धरतो. तेव्हा परफ्यूम परकराला, ब्लाउजच्या सुती अस्तराला आणि केसांखाली मानेला. रुमालावर दोन फवारे मारून रुमाल पर्समध्ये ठेवा, मांडवात घाम पुसताना तो तुमच्याबरोबर राहील. समई-निरांजनापासून आणि होमापासून लांब असतानाच लावा, बाटलीत अल्कोहोल आहे हे विसरू नका.

लग्नात खरी अडचण गजऱ्याची. मोगऱ्याचा भरगच्च गजरा माळलात तर हा परफ्यूम लावायचं कारणच उरत नाही. मोगरा त्याला खाऊन टाकतो आणि दोन्ही मिळून जड होतात. सुरंगीचा वळेसर असेल तर मग काही विचारूच नका. मी सांगतो अबोली माळा. रंगाला देखणी, आणि तिला वास नाही. अबोलीखाली नेरोली अशी उठून दिसते की नवरीला सोडून लोक तुम्हाला विचारतील. मे महिन्यात मांडवात उकाडा असेल, वळिवाची हवा झाली तर आणखी. तेव्हा सकाळी अक्षतांआधी एकदा आणि जेवणं उरकल्यावर एकदा असे दोन हप्ते करा. पंगतीच्या वेळी मुळीच नको. मसालेभात आणि जाई नाकात एकत्र आले की दोघांचाही अपमान होतो. दुसऱ्या हप्त्यासाठी अख्खी बाटली नेऊ नका, दहा मिलीची रिकामी स्प्रे-कुपी कुठल्याही परफ्यूमवाल्याकडं मिळते.

जास्त टिकवायचाच असेल तर एक जुना उपाय आहे, अत्तरवाले आपसांत करतात तो. वाळ्याचं किंवा चंदनाचं अत्तर काडीच्या टोकाएवढं आधी मानेमागं लावायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग त्यावर लिंबू-फुलांचा एक फवारा. वाळा मातकट, गार, आणि लिंबाशी त्याचं जन्माचं जमतं. चंदन जरा गोडसर, ते जाईला सांभाळून घेतं. दोन्हींपैकी एकच. आणि थेंब काडीचाच, नाहीतर नेरोली कुठं आहे ते शोधत बसावं लागेल. शंभर रुपयांच्या कुपीत खरं चंदन तेल नसतं हे ध्यानात ठेवा. या कामाला नकली चंदनही चालतं, फक्त आधी पावडरसारखं खवखवत नाही ना ते बघा.

शाळेतल्या मुलांचा विचार करून तुम्ही विचारलंत, ते आवडलं. वर्गात दोन फवाऱ्यांच्या वर जाऊ नका. पहिल्या बाकावरच्या पोरांना तुमचा परफ्यूम ओळखीचा झाला तर हरकत नाही, पण शेवटच्या बाकावर पोचता कामा नये. मधल्या सुट्टीत परत लावायचा असेल तर स्टाफरूममध्ये नको, बाहेर.

बाटली कुठं ठेवता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बऱ्याच घरांत ती खिडकीत आरशासमोर असते, किंवा बाथरूममधल्या कप्प्यात. लिंबूवर्गी माल उजेड, ऊब आणि हवा यांनी सगळ्यात आधी बिघडतो. लिमोनीन हवेतल्या प्राणवायूशी मिसळून बदलतं, ताजेपणा जाऊन टर्पेंटाइनसारखा, रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागतो. असा झालेला परफ्यूम काहींच्या कातडीला खाजही आणतो, तो अंगाला लावू नका. खोक्यासकट कपाटात ठेवा, कपड्यांच्या मागं, अंधारात. बाटली अर्ध्यावर आली की आत हवा जास्त होते, तेव्हा काटकसर न करता दोन-एक वर्षांत वापरून संपवा.

आणि पुढची बाटली स्वतः घ्यायला बेळगावात याल तेव्हा दुकानदार देईल त्या कागदी पट्टीवर भरवसा ठेवून लगेच पैसे देऊ नका. पट्टीवर पहिली दहा मिनिटं सगळेच परफ्यूम गोड बोलतात. एका कोपराला एक, दुसऱ्याला दुसरा, याहून जास्त नको. मग गणपत गल्लीत भाजी, फुलं, जे काय घ्यायचं ते घ्या, कुंदा बांधून घ्या, दोन तास जाऊ द्या. लिंबू गेलेला असेल. बाजाराच्या गर्दीतून थोडं बाजूला होऊन दोन्ही कोपरं हुंगा, आणि ज्यातलं फूल अजून बोलत असेल तीच बाटली मागा. दुकानदार म्हणेल, आत्ता घेतलात तर दहा टक्के सूट, नंतर नाही. सूट सोडा.